नुसता मुरगळलाय

“फोटो काढलाय. हाड शाबूत हाय. नुसता मुरगळलाय.” एवढं बोलून वस्तादांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

“तुमच्या त्या ‘नुसता’पायीच पोरांचे घोटे जातात, मामा,” भाची म्हणाली.

मग विषय दोन तास चालला. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. समोर बाकावर पोरगा, आणि त्याचा उजवा पाय एका पालथ्या घमेल्यावर. बाहेरचा घोटा दिसतच नव्हता. तिथे भरताचं वांगं असावं तसा फुगार होता, आणि खाली टाचेकडे जांभळा-पिवळा रंग उतरत गेलेला. वय एकोणीस, जागा उजवी विंग. पाय बुधवारी गेला, आज शनिवार, आणि पुढच्या रविवारी सेमीफायनल.

कोल्हापुरात फुटबॉल तालमीत राहतो, हे बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. जिथे कुस्तीचा हौदा, त्याच छपराखाली फुटबॉलची जाळी लटकवलेली, आणि मारुतीसमोर नारळाशेजारी करंडक. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की पेठेतली निम्मी माणसं दुपारपासूनच कामाच्या उपयोगाची नसतात. आमची तालीम कोणती ते मी सांगणार नाही. सांगितली तर लेख घोट्याचा न राहता पेठेचा होईल.

तालमीत फुटबॉल राहायला आला तेव्हा कुस्तीचं वैद्यकही त्याच्या वाट्याला आलं. तेल, लेप, शेक, पट्टी, आणि ‘शीर बसवणं’. आमचे वस्ताद तरुणपणी सेंटर हाफ होते. गेली चाळीस वर्षं पेठेतला प्रत्येक मुरगळलेला पाय त्यांच्या मांडीवर येऊन गेला आहे. माझा तेवढा राहिला. त्यांची भाची पुण्यात फिजिओथेरपी शिकली, काही वर्षं तिकडेच खेळाडूंचे पाय बघत राहिली, आणि आता इथे परत आली आहे. मामाच्या मांडीवरून सुटलेले पाय हल्ली तिच्याकडे जातात. उशिरा जातात, ही तिची तक्रार.

“पडलास कसा ते सांग,” ती पोराला म्हणाली.

“बॉल घेऊन आत वळत होतो. त्यांचा हाफ आतनं आला. त्याचा पाय इथं लागला.” त्यानं नडगीच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. “मी पाय टेकवला, तर तो कडेवरच टेकला. कट्ट असा आवाज आला.”

“शिट्टी?”

“कुठली शिट्टी!” हे वस्ताद.

नॉर्वे आणि आइसलँडमधल्या वरच्या दर्जाच्या सामन्यांच्या चित्रफिती अभ्यासकांनी थांबवून थांबवून पाहिल्या, तेव्हा घोटा मुरगळण्याची जी दृश्यं पुन्हा पुन्हा दिसली त्यात हे पहिलं होतं, असं तिनं सांगितलं. आतून आलेला टॅकल, बाहेर ढकलला गेलेला पाय, आणि बाहेरच्या कडेवर टेकलेला बूट. दुसरं दृश्य शॉट मारतानाचं. पाऊल समोरच्याच्या पायावर आदळतं आणि चवडा जोरात खाली दुमडतो.

“चवडा खाली गेला की घोटा सैल होतो, मामा. पावलाच्या माथ्यावर एक हाड असतं, ते घोट्याच्या खाचेत बसतं. पुढून रुंद, मागून अरुंद. पाऊल वर ओढलेलं असलं की रुंद बाजू खाचेत गच्च. चवडा खाली सोडला की अरुंद बाजू खाचेत येते आणि हाड खुळखुळतं. त्यात बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला, म्हणून पाऊल बाहेर वळायला अडतं आणि आत वळायला मोकळं. सगळा भार मग बाहेरच्या तीन लिगामेंटवर येतो. पुढचं सगळ्यात अशक्त, आधी ते फाटतं. जोर जास्त असला तर त्याच्या खालचं. मागचं सहसा वाचतं.”

“आनी शीर?”

“शीर चढत नाही. हाडही सरकत नाही.”

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. ‘शीर चढलीया, बसवतो’ हे वाक्य पेठेनं त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की ते तालमीच्या भिंतीवर रंगवलं असतं तरी कुणी हसलं नसतं.

“मग ती कट्ट करून बसती ती काय?”

“सांध्यात आवाज होतो. बोटं मोडल्यावर होतो तसा. आवाज झाला की माणसाला वाटतं काहीतरी जागेवर गेलं.”

“वाटतं तर वाटू दे की! निम्मा पाय वाटण्यानंच बरा होतो.”

हे वाक्य मी तिथल्या तिथे टिपून घेतलं. वस्तादांना ते आवडलं नाही. आपण हरत असताना कुणी लिहून घेतं आहे, असं त्यांना वाटलं असावं. मला ते हरताहेत असं वाटत नव्हतं.

“बुधवारी रात्री चोळलंत?” तिनं विचारलं.

“चोळायचं न्हाई तर पूजा घालायची? तीळतेल कोमट केलं. अंगठ्यानं दाबून, वरनं खाली.”

“आणि सकाळी?”

पोरगा हळूच म्हणाला, “दुप्पट झाला.”

पहिले दोन-तीन दिवस आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, धरलेली खपली जोरानं चोळली की सुटते, हे तिनं न रागावता सांगितलं. हलका हात, तोही वरच्या दिशेनं आणि तोही नंतर, याला तिची ना नव्हती. पण वस्ताद आता दुसऱ्याच मुद्द्यावर अडले होते. डोळे झाकून आपण पाय हातात घेतो असं कुणी समजू नये, असं त्यांचं म्हणणं. “पोरगं आलं की आदी त्याला चालवतो. चार पावलं. चार चालला तर मोडलेला न्हाई. न्हाई चालला तर सरळ फोटो काढायला लावतो. इचार कुणालाबी.”

भाचीनं चहाचा कप खाली ठेवला. “चारच का?”

“पाच चालवलं तर बोंबलतंय.”

ती इतकी हसली की पोरगाही हसला, आणि हसताना पाय हलल्यामुळे कळवळला. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली इयान स्टील आणि त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी घोट्याच्या एक्स-रेसाठी एक नियम मांडला. शेकडो लोकांचे फोटो काढायचे आणि मोडलेलं हाड थोड्यांचंच निघायचं. मग कुणाचा काढायचा? त्यांनी जे ठरवलं त्यात एक अट हीच होती: दुखापत झाल्याबरोबर आणि दवाखान्यात आल्यावर, दोन्ही वेळा, माणूस चार पावलं टाकू शकतो का? लंगडत टाकली तरी चालतील. वस्तादांचा चेहरा असा झाला, जणू ओटावा हे पन्हाळ्याच्या पलीकडचं गाव आहे आणि तिथल्या मंडळींनी त्यांना विचारूनच हे केलं.

“पण ती अर्धीच अट झाली,” ती म्हणाली. “उरलेली बोटानं करायची. दोन्ही घोट्यांच्या हाडाची मागची कड, खालचे सहा सेंटिमीटर आणि टोक, तिथे हाडावरच दाबून बघायचं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाची मागची गाठ. आणि आतून, कमानीच्या वरचं नावेच्या आकाराचं हाड. या चारांपैकी कुठेही हाडावर दाबून दुखलं तर चार पावलं चालला तरी फोटो. तुम्ही दाबता ते सुजेवर. सूज दाबली की कुणीही ओरडेल.”

वस्तादांनी लगेच पोराच्या करंगळीमागची गाठ शोधून दाबली. पोरगा गप्प. “न्हाई दुखत,” ते म्हणाले. त्यांना एक नवी जागा मिळाली होती.

मग बर्फावरून जुंपली, आणि इथे मी वस्तादांच्या बाजूनं झुकलो हे कबूल करतो. बर्फ, दाब, विश्रांती आणि पाय उंचावर ही चौकडी मैदानावर कुणीही म्हणून दाखवतो. ती रूढ केली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरनं, १९७८ साली, खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात. पुढे बऱ्याच वर्षांनी स्वतः मर्किननीच लिहिलं की बर्फानं आणि पूर्ण विश्रांतीनं बरं होणं लांबत असावं. सूज ही शत्रू नाही, दुरुस्तीला आलेली माणसं आहेत. आता नवी शिकवण अशी की पहिले एकदोन दिवस पाय सांभाळा, दाब द्या, उंचावर ठेवा, आणि मग लवकरात लवकर त्याच्यावर भार घ्या. बर्फ दुखणं दाबण्यापुरता, आणि थोडा वेळ.

“म्हंजे पन्नास वर्षं तुमी बर्फ लावा म्हणालासा, आनी आता लावू नका म्हणतासा. माझी आंबेहळद काल जी व्हती ती आज हाय.”

“तेच तर, मामा. तुमची आंबेहळद कधी चुकलीच नाही, कारण ती कधी कुणी तपासलीच नाही.”

हे झणझणीत होतं. वस्तादांनी ते गिळलं. पण तिलाही पुढे कबूल करावं लागलं की लेपाखाली जी पट्टी ते बांधतात, खालून वर, तिरकी, टाच पकडून, ती चांगली असते. दाब बरोबर पडतो. लेपानं फारसं होत नसेल, पट्टीनं होतं. आणि शेक? तो पहिल्या दोन दिवसांत नकोच.

इथे मला माझा पाय आठवला. कॉलेजात असताना मी तालमीच्या दुसऱ्या संघाचा दुसरा गोलकीपर होतो, म्हणजे जवळजवळ प्रेक्षक. एका क्रॉसवर उडालो आणि उतरलो तो कुणाच्या तरी पावलावर. घरच्यांनी वस्तादांवर भरवसा न ठेवता मला एका दवाखान्यात नेलं. तिथे हाड शाबूत असतानाही गुडघ्याखाली प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. काढलं तेव्हा पोटरी मनगटाएवढी झाली होती, आणि घोटा गंज लागल्यासारखा. पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज तीस वर्षांनी जिना उतरताना मी कठडा धरतो.

“प्लास्टर वाईटच, म्हणजे?” मी विचारलं. उत्तर ‘हो’ असं यावं अशी माझी इच्छा होती.

“सरसकट नाही, काका. इंग्लंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, ‘लॅन्सेट’मध्ये २००९ ला छापून आला. ज्यांना पाय टेकताच येत नव्हता अशा जबर मुरगळलेल्यांना दहा दिवस गुडघ्याखालचं प्लास्टर घातलं, तर तीन महिन्यांनी ते नुसती नळीसारखी पट्टी घातलेल्यांपेक्षा बरे होते. नऊ महिन्यांनी दोघं सारखेच. पण दहा दिवस, सहा आठवडे नव्हे. आणि नंतर व्यायाम.”

“बघ!” वस्ताद म्हणाले. “बांधून ठेवायचं. मी सांगत व्हतो.”

“बांधून ठेवायचं आणि सोडायचं, मामा. तुम्ही सोडल्यावर काय करता?”

“सोडल्यावर खेळतंय की.”

दोघांमधली फट मला इथे दिसली. तेल, बर्फ, शेक हे सगळं वरवरचं भांडण होतं. खरा मतभेद ‘बरा’ या शब्दावर होता. सूज उतरली, दुखायचं थांबलं, की वस्तादांचा पाय बरा. भाचीचा पाय तिथून पुढे कुठेतरी बरा व्हायला लागतो. आणि आपली भाषा वस्तादांच्या बाजूची आहे. पायरी चुकलेल्या आजीचा पाय मुरगळतो आणि भर वेगात टॅकल बसलेल्या विंगरचाही मुरगळतोच. एकच शब्द, आणि तोही किरकोळ. ‘फ्रॅक्चर आहे’ म्हटलं की घर जागं होतं, डबे येतात, मोडलेल्या हाडाला सहा आठवड्यांची रजा मिळते. ‘फ्रॅक्चर नाही’ म्हटलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि फाटलेलं लिगामेंट त्या श्वासाखाली विसरलं जातं. वाईट बातमी आली असती तर या पोराची जास्त काळजी घेतली गेली असती.

“ह्याचा डावा पाय गेल्या हंगामात मुरगळला होता ना?” भाचीनं विचारलं.

“व्हय. मीच बरा केला. तीन आठवड्यांत खेळला.”

“दुखतो का रे?”

“न्हाई.”

“उभा राहा. हाताला धरते. उजव्यावर भार नको. आता डाव्या पायावर एकटा. डोळे मीट.”

तालमीत शांतता. वस्ताद तोंडानं मोजायला लागले, कुस्तीतल्यासारखे. एक, दोन, तीन, चार, आणि पोरगा भाचीच्या खांद्यावर आला. पुन्हा. पाच. मग तिनं कोपऱ्यात हातमोजे वाळवत बसलेल्या गोलकीपरला बोलावलं. त्याचा घोटा कधी मुरगळलेला नव्हता. तो डोळे मिटून उभा राहिला, आणि वस्ताद पंचवीसवर मोजून कंटाळले.

“लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, मामा. तिच्यात खबरी असतात. पाऊल कुठे झुकलंय ते त्या वर कळवतात. दोरी फाटली की खबरीही जातात. दोरी काही महिन्यांत बरीचशी जुळते, पण खबर देणं आपोआप परत येतंच असं नाही. इंग्लंडचे डॉक्टर फ्रीमन, त्यांनी १९६५ साली हे मांडलं. मुरगळलेल्यांपैकी काहींना डळमळत्या फळीवर उभं राहायला लावलं, तर त्यांचा पाय ‘दगा देतो’ ही तक्रार कमी झाली. बाकी पुष्कळांचा पाय दगा देत राहिला. नंतरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण शंभरात चाळीसपर्यंत गेलेलं आहे.”

वस्ताद पोराच्या डाव्या पायाकडे बघत राहिले. तो पाय त्यांचा होता. सूज नाही, दुखणं नाही, आणि चार सेकंद. मग एकदम त्यांना आठवलं.

“आनी नेमार?”

हे येणारच होतं. आमची पेठ ब्राझीलची. विश्वचषक आला की कोल्हापुरात चौकाचौकांत ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे, आणि २०२२ ला आमच्या चौकात नेमार दुमजली उभा होता.

“सर्बियाची मॅच, २४ नोव्हेंबर. नऊ फाऊल झाले त्याच्यावर. उजवा घोटा असा सुजला व्हता, ह्याच्यासारखाच. दोन मॅचा बाहेर. आनी ५ डिसेंबरला कोरियासमोर उतरला, पेनल्टी मारली, गोल. किती दिवस झाले? अकरा. ह्याला बुधवारपास्नं सेमीपातूर किती? अकरा. आनी हितं तर तू अजून चार शेकंद मोजत बसलीयास.”

आकडेमोड बिनचूक होती. त्यांनी ती घरून करून आणली होती, याबद्दल मला शंका नाही.

“नंतर काय झालं, मामा?”

“क्रोएशियालाबी गोल मारला. पेनल्टीत हरलो, ते येगळं.”

“त्याच्या नंतर. फेब्रुवारी २०२३, १९ तारीख, लीलविरुद्ध. तोच उजवा घोटा. स्ट्रेचरवरून बाहेर. मार्चमध्ये दोह्याला लिगामेंटचं ऑपरेशन, हंगाम संपला. आणि आधीचं विसरलात? जून २०१९, कतारविरुद्ध मैत्रीचा सामना, तोच घोटा, लिगामेंट फाटलं, कोपा अमेरिका हुकली. जगातले चांगले फिजिओ, मशिनं, चोवीस तास माणसं. तरी एकदा सैल झालेला घोटा पुन्हा पुन्हा गेला. तुमचं पोरगं सकाळी दूध टाकून कॉलेजला जातं.”

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना ऑपरेशनचं माहीत होतं. फक्त ते आणि अकरा दिवस या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. आपणही ठेवत नाही. पुनरागमनाचा गोल सगळ्यांना पाठ असतो.

“मग करायचं काय?” हे त्यांनी भाचीला नाही, मला विचारलं. उत्तर अर्थातच तिनं दिलं.

पहिल्या आठवड्यात आधार देणारा पट्टा आणि सरळ चालणं. लंगडायचं असेल तर कुबडी घ्या, पण पाऊल टाचेकडून चवड्याकडे पडलं पाहिजे. बसल्या बसल्या पावलानं हवेत अक्षरं काढणं. मग रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेर रेटणं, कारण पायाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू घोट्याचे राखणदार. भिंतीला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही, मग एकच. एका पायावर उभं राहणं: दात घासताना, उशीवर, डोळे मिटून, कुणीतरी चेंडू फेकत असताना. मग एका पायावर उड्या. मग सरळ पळणं, नंतर आठच्या आकड्यात, नंतर कापत, नंतर बॉल घेऊन, आणि सगळ्यात शेवटी टॅकल. एक पायरी न दुखता, न सुजता झाली तर पुढची.

“किती दिवस?”

“दिवस नाही सांगणार.”

“मॅचची तारीख असोसिएशन ठरवती, पोरी. तुझा घोटा नव्हं.”

“आणि घोटा असोसिएशनचं ऐकत नाही.”

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “हे सगळं तू कागदावर लिहून देतीस. पोरं कागद खिशात घालत्यात, आनी ती विजार धुवायला जाती. तुझ्याकडं कितीजण दुसऱ्यांदा येत्यात?”

ती गप्प झाली. दुपारभरात ती पहिल्यांदाच गप्प झाली होती.

“माझ्याकडं रोज येत्यात,” वस्ताद म्हणाले. “न्हाई आले तर मी घरला जातो.”

कुठल्याही अभ्यासापेक्षा हे मला जास्त खरं वाटलं. डळमळती फळी दिवसाला दहा मिनिटं मागते, आठवडेच्या आठवडे, आणि तेही पाय दुखत नसताना. दुखत नसताना व्यायाम करायला लावणारा माणूस लागतो. त्याचा धाक लागतो. स्वीडनमधल्या फुटबॉलपटूंवर ट्रॉप यांनी १९८५ साली अभ्यास छापला. त्यात आधी मुरगळलेल्या खेळाडूंना फळीवरच्या सरावानंही वाचवलं आणि घोट्याच्या पट्ट्यानंही वाचवलं. पट्टा का चालतो, ते या दुपारी कळलं: पट्टा विसरत नाही.

चिकटपट्टीचा विषय निघाला आणि लगेच मिटला. टेप अर्ध्या तासाच्या खेळात ढिली पडते, बांधायचा पट्टा मध्यंतरात पुन्हा आवळता येतो. ज्यांचा घोटा आधी गेलाय त्यांनी हंगामभर घालावा.

“आनी हात लावायचाच न्हाई?” वस्तादांचा शेवटचा बुरुज.

“लावायचा की. मीही लावते.” तिनं पिशवीतून एक रुंद कापडी पट्टा काढला. न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन, त्यांची रीत. सूज उतरल्यावर पोराला पाय पुढे ठेवून उभं करायचं, पट्टा त्याच्या नडगीच्या खालच्या टोकामागून आणि स्वतःच्या कमरेभोवती घ्यायचा, हातानं पावलाचं हाड मागे धरून ठेवायचं आणि आपण मागे रेलत त्याला गुडघा पुढे वाकवायला सांगायचं. मुरगळल्यावर घोटा पुढे वाकणं हरवतो, ते असं परत मिळतं. वस्तादांनी पट्टा हातात घेतला, ओढून पाहिला, आणि त्यांना तो ओळखीचा वाटला. लंगोटाच्या पट्ट्यासारखा, असं ते म्हणाले.

“आणि हौदा,” ती म्हणाली. “एक पाय, मऊ माती, ती सतत सरकते. फळी विकत आणायला नको. पण आता नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मी सांगेन तेव्हा. आणि सगळ्या संघाला, मुरगळायच्या आधीच.” फिफानं २००६ मध्ये पंधरा व्यायामांचा एक वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार केला, त्यातही एका पायावर तोल सांभाळणं आहे. मॅचआधी आमचा संघ मैदानाला पाच फेऱ्या मारतो आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणतो.

लाल माती, ताक-हळद-तेल घालून मळलेली. वस्ताद हौद्याकडे असं बघत होते की जणू तो आज पहिल्यांदा दिसला.

मग तिनं पोराला भिंतीसमोर उभं केलं. टाच उचलायची नाही, गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि पाऊल मागे मागे घ्यायचं. गुडघा जिथपर्यंत टेकतो तिथे अंगठ्यापुढे फरशीवर खडूची रेघ. उजव्या पायाची रेघ भिंतीला जवळजवळ चिकटूनच होती, दुखलं तिथे तिनं थांबवलं. डाव्याची जरा मागे, पण हवी तेवढी नाही. तिसरी रेघ तिनं स्वतः मारली, भिंतीपासून बारा सेंटिमीटरवर. “दोन्ही पाय इथपर्यंत. मग उड्यांचं बघू.”

वस्तादांनी उजवी आणि तिसरी रेघ यांच्यामध्ये बोटं ठेवून मोजली. पाच बोटं. खडू त्यांनी तिच्याकडून मागून घेतला.

सेमीफायनलच्या दिवशी सकाळी मी तालमीत डोकावलो. पोरगा भिंतीपाशी वाकला होता, वस्ताद शहाबादीवर उकिडवे बसून त्याच्या टाचेखाली कागदाचा कपटा सरकतो का ते बघत होते. फरशीवर अकरा-बारा रेघा झाल्या होत्या, प्रत्येकीजवळ तारीख.

“किती?” मी विचारलं.

“दोन बोटं कमी.”

“मग आज?”

“त्याची जर्सी दुसऱ्याला दिलीया,” वस्ताद म्हणाले, आणि पोराला सांगितलं, “डावा.”